समुद्रकाठचं सार्वजनिक गोल्फ मैदान आणि आपलं काळ्या मातीचं ग्राउंड: तिथलं काय उचलायचं, काय नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. मुलगी एडिंबराला शिकायला आहे, तिच्याकडे गेलात तेव्हा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड कोर्स पाहून आलात. रविवार होता, खेळ बंद. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गोल्फ मैदानावर लोक कुत्री फिरवत होते, पोरं पळत होती, तरी हिरवळीला काही झालेलं दिसत नव्हतं. इकडे सांगलीत तुमच्या कॉलनीची दीड एकराची खुली जागा नीट करायचं चाललंय. कंत्राटदार म्हणतो, दोन फूट भराव टाकू, वर लाल माती, त्यावर कार्पेट लॉन. तुमच्या मनात आलं, त्यापेक्षा तिकडच्यासारखी वाळू आणून तसलंच गवत लावलं तर? आणि इतकं जुनं मैदान ते लोक 'रिनोव्हेट' करतात म्हणजे नेमकं काय करतात?

मी मिरजेचा. पदवी शेतीची, पोट मात्र हिरवळीवर भरलं. आखातात समुद्रकाठच्या गोल्फ कोर्सवर नोकरी केली, आता इकडे खेळाची मैदानं आणि क्षारपड रानांच्या निचऱ्याची कामं घेतो. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार कळतं. तुम्ही विचारताय गवताबद्दल, पण तुमची अडचण पाण्याची आहे, आणि पाण्याच्या खालोखाल पायांची. म्हणजे पडलेलं पाणी जातं कुठे, आणि रोज मैदान तुडवणारे पाय कुठे कुठे पडतात, हे दोन प्रश्न सुटले तर गवत कुठलंही चालतं. नाही सुटले तर स्कॉटलंडहून गवत आणलं तरी दुसऱ्या पावसाळ्यात चिखलच.

ओल्ड कोर्सखालची जमीन समजून घ्या. समुद्र मागे हटत गेला आणि किनाऱ्याला वाळूची एक पट्टी उरली. पिकाला निकामी. वाऱ्याने त्या वाळूचे उंचवटे आणि खळगे केले, त्यावर फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक, काटक गवत आपसूक धरलं. मेंढ्या चरायच्या, म्हणजे कापणी फुकटात. वाऱ्याला आडोसा शोधत मेंढ्या जिथे दाटीने बसायच्या, तिथलं गवत झिजून वाळू उघडी पडायची, आणि आजच्या बंकरांपैकी (मैदानातले वाळूचे अडथळ्याचे खड्डे) बऱ्याच जणांचा उगम तोच असं सांगतात. कुणी आराखडा काढून हे मैदान बांधलेलं नाही. जमीन तशी होती म्हणून लोक तिथे खेळायला लागले.

त्या वाळूचा गुण केवढा, ते २०१५ साली याच मैदानावर झालेल्या ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धेत दिसलं. शुक्रवारी सकाळी असा पाऊस कोसळला की पहिल्या आणि अठराव्या होलवर (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळगीत जाईपर्यंतचा एक टप्पा) तळी साचली. कामगार रबरी फावडी घेऊन पाणी ओढत होते. तीन तासांहून थोड्या जास्त वेळाने खेळ पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी खेळ थांबला तो पावसाने नव्हे, वाऱ्याने. ग्रीनवरचे, म्हणजे खळगीभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरचे, चेंडू आपोआप सरकायला लागले होते. स्पर्धा लांबून सोमवारी संपली. आता आपल्याकडे बघा. जूनमधला एक दणकट पाऊस झाला की भारी काळ्या रानात दोन-तीन दिवस पाय घालायची सोय नसते, चपलेला किलोभर माती चिकटते. आपल्या मातीचे कण इतके बारीक की ती पाणी पिऊन फुगते, छिद्रं मिटतात आणि वरचं पाणी वरच राहतं. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाळू कधी फुगत नाही, आकसतही नाही. तुम्ही जे पाहून आलात त्यातलं निम्मं श्रेय या एका गोष्टीला.

उरलेलं निम्मं श्रेय कागदांना आहे. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सार्वजनिक मैदानाच्या कामात हे कुणी विचारातच घेत नाही.

१५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना त्या वाळूत ससे पाळायचे होते. त्या वेळच्या दस्तऐवजात गावकऱ्यांचा तिथे गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा, नेमबाजी करण्याचा हक्क स्पष्ट लिहिला गेला. पुढे १७६४ साली सुरुवातीचे होल फार आखूड वाटले म्हणून चारांचे दोन केले. जाता-येता तेच होल खेळायचे, त्यामुळे बाविसाचे अठरा झाले, आणि तोच आकडा नंतर जगभर चालला. एवढं मानाचं मैदान, तरी अठराव्या शतकाच्या शेवटी नगरपरिषद कर्जात बुडाली आणि जमीन हातची गेली. ती पडली सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात. ससे म्हणजे बिळं आणि बिळं म्हणजे मैदानाची चाळण. खेळणारे कोर्टात गेले, भांडण वर्षानुवर्षं चाललं. १८२१ साली शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीच्या जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली, तेव्हा कुठे मैदान वाचलं. पण मालकी खाजगीच राहिली. १८९४ साली थेट ब्रिटिश संसदेचा कायदा होऊन जमीन गावाकडे परत आली. १९७४ पासून कायद्यानेच नेमलेला लिंक्स ट्रस्ट ती सांभाळतो. अठराव्या होलवरून आडवा जाणारा सार्वजनिक रस्ता तुम्ही ओलांडला असेल, तो आजही तसाच चालू आहे.

म्हणून माझा तुम्हाला पहिला सल्ला कुदळीचा नाही, सिटी सर्व्हेच्या खिडकीचा आहे. त्या खुल्या जागेचं मालमत्ता पत्रक काढा. मंजूर लेआउटच्या नकाशात ती 'खुली जागा' म्हणून दाखवलेली आहे का, महापालिकेच्या नावावर चढली आहे का, मोजणी झाली आहे का, हे बघा. लोकांनी वर्गणी काढून हिरवळ केली आणि मग कोपऱ्यात कुणाचं तरी पत्र्याचं शेड उगवलं, असं माझ्यासमोर घडलेलं आहे. त्याच फेरीत पाटबंधारे खात्याची पूररेषा पाहून घ्या. तुमची जागा निळ्या रेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द; लाल रेषा मोठ्या पुराची) आत आहे, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये आहे की बाहेर, यावर पुढचं सगळं ठरेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं होतं. त्या आठवड्यात तुमच्या ग्राउंडवर किती फूट पाणी होतं आणि ते किती दिवस थांबलं, हे शेजारच्या भिंतीवरचे डाग आणि जुन्या रहिवाशांची तोंडं सांगतील. तेही लिहून ठेवा.

आता रिनोव्हेशन म्हणजे काय. लोकांना वाटतं जेसीबी येतो, सगळं उकरतो आणि नवीन बसवतो. ओल्ड कोर्सवर तसं कधी झालं नाही. तिथला खरा कारागीर म्हणजे ओल्ड टॉम मॉरिस. जन्म १८२१ चा, त्याच गावचा. मधली काही वर्षं प्रेस्टविकच्या गोल्फ मैदानावर काढून १८६४ च्या सुमारास परत आला आणि पुढे चाळीसेक वर्षं मैदानाची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्याने काटेरी झुडपं काढून खेळायची पट्टी रुंद केली. पहिल्या आणि अठराव्या होलना नवे ग्रीन करून दिले. पूर्वी ज्या होलमध्ये चेंडू घातला त्याच्या अगदी शेजारूनच पुढचा फटका मारायचा रिवाज होता, त्यामुळे ग्रीनची पार दुर्दशा व्हायची. त्याने फटक्यासाठी वेगळी जागा, म्हणजे टी, ठरवून दिली. बारकाईने बघितलंत तर ही सगळी कामं पायांची विभागणी करणारी आहेत.

आणि वाळू. ग्रीनवर वाळू पसरायची त्याला एवढी खोड होती की त्याचा मदतनीस हनीमन याला तो सारखा आणखी वाळू टाकायला सांगायचा, असे किस्से आहेत. चुकून ढकलगाडीभर वाळू एका ग्रीनवर सांडली आणि तिथलंच गवत सगळ्यात जोमाने आलं, त्यावरून त्याला हे सुचलं अशीही एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, शास्त्र पक्कं आहे. गवताच्या बुडाशी मेलेली मुळं आणि देठांचा एक गादीसारखा थर साचतो. तो पाणी धरून ठेवतो, त्यात रोग येतो, पाय रुततो. त्यात थोडी थोडी वाळू मिसळत राहिलं की थर मोकळा राहतो, पाणी खाली जातं, पृष्ठभागही सपाट होत जातो. एका वेळी मिलिमीटर-दोन मिलिमीटर, गवताची पाती वर दिसत राहतील इतपतच. झाडूने किंवा लोखंडी जाळी ओढून ती मुळाशी बसवायची. वर्षानुवर्षं. हे काम दिसत नाही, त्याचा फोटो येत नाही, उद्घाटनाचा नारळ फोडता येत नाही. म्हणून आपल्याकडे त्याला कधी निधी मिळत नाही.

बंकरांचं बघा. त्या खड्ड्यांच्या उभ्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील, एकावर एक हिरवळीच्या वड्या रचल्यासारख्या. त्या खरोखरच रचलेल्या असतात. पाच-सात वर्षांत ऊन-वाऱ्याने ढासळतात, मग हिवाळ्यात पुन्हा रचायच्या. एकशे दहाच्या वर बंकर आहेत, म्हणजे दरवर्षी कुठले ना कुठले कामाला काढलेलेच असतात. २०१२ साली मार्टिन हॉट्री या आराखडाकाराकडून काही बदल करायला घेतले, दोन हिवाळ्यांत मिळून. सतराव्या होलचा रोड बंकर अर्धा मीटर रुंद केला, अकराव्या ग्रीनचा मागचा उतार थोडा सौम्य केला, दोन-चार बंकर हलवले. जगभरातले गोल्फवाले खवळले. आपल्याला हसू येईल, पण मला तो आरडाओरडा योग्य वाटतो. जुन्या सार्वजनिक जागेत अर्ध्या मीटरचाही हिशोब द्यावा लागत असेल तर ती जागा लोकांची आहे.

तुमच्या कुत्र्यांच्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. लोक फिरत होते कारण रविवार होता, आणि रविवारी खेळ नसतो. खेळणाऱ्याला विश्रांती नको असली तरी मैदानाला हवी असते, असं ओल्ड टॉमच्या नावावर सांगतात. चालण्याने हिरवळ मरत नाही. एकाच जागी रोज त्याच दिशेने धावून, वळून, बुटाच्या टाचा घासून मरते. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन दुहेरी आहेत, जाणारे आणि येणारे त्यावर वेगवेगळ्या टोकाला खेळतात, जागा ऐसपैस. पूर्वी तर मैदान आलटून-पालटून उलट दिशेने खेळायचे. आणि हिवाळ्यात, गवत वाढत नसतं तेव्हा, खेळाडूला हातरुमालाएवढी चटई सोबत न्यावी लागते. फेअरवेवरचा, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्टीवरचा, प्रत्येक फटका त्या चटईवरून. कितीही मोठा खेळाडू असो. माझ्या मते तुम्ही तिथून आणण्यासारखी सगळ्यात मोलाची वस्तू ही चटई आहे, वाळू नव्हे.

समुद्रकाठचं सगळं गोडच असतं असंही नाही. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचं शार्प पार्क नावाचं मैदान आहे, शेजारच्या पॅसिफिका गावात, अगदी समुद्राला लागून. १९३२ साली खुलं झालं. आराखडा ॲलिस्टर मॅकेन्झी यांचा, म्हणजे ज्यांनी ऑगस्टा नॅशनल या अमेरिकेतल्या नामांकित मैदानाची आखणी केली ते. मूळचे डॉक्टर. १९२४ साली ओल्ड कोर्सचा तपशीलवार नकाशा त्यांनीच काढला होता, त्यामुळे तिथली वळणं-खळगे त्यांच्या हातात बसलेले. शार्प पार्कला त्यांनी काही होल थेट लाटांच्या कडेने घेतले. दहा वर्षांच्या आत वादळांनी ते तोडले. मग समुद्रकाठी बांध घातला आणि काही होल रस्त्यापलीकडे डोंगराच्या बाजूला नेले. बांधाने लाटा थांबल्या, पण आतल्या पाण्याचं काय? मैदानाच्या मध्ये एक खाजण-तळं आहे. पावसाचं पाणी त्यात येतं, बांधामुळे समुद्राकडे सहज जात नाही, पंपाने काढावं लागतं. त्यात तिथे संरक्षित बेडूक आणि संरक्षित साप. पंप चालवला तर बेडकांची अंडी उघडी पडतात, नाही चालवला तर मैदान बुडतं. प्रकरण कोर्टात गेलं. स्वस्तात खेळायला मिळणारं मैदान म्हणून लोक त्याच्या बाजूने उभे राहिले, पर्यावरणवाले विरुद्ध बाजूला, आणि दोघांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

शार्प पार्कची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण तुमचा कंत्राटदार म्हणतो तो दोन फुटांचा भराव त्याच जातीचा आहे. भरावाने तुमच्या ग्राउंडवरचं पाणी नाहीसं होणार नाही, ते शेजारच्या गल्लीत जाईल. पूररेषेच्या आत असाल तर परवानगीचाही प्रश्न येतो. आणि आकडा बघा: दीड एकर म्हणजे ६५,३४० चौरस फूट. दोन फूट भराव म्हणजे तेराशे ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वर माल. एवढे डंपर कॉलनीच्या रस्त्यावरून गेल्यावर रस्त्याचं काय होईल ते वेगळंच. भराव दाबून बसवला तर तो काळ्या मातीपेक्षाही कमी पाणी पितो, नाही दाबला तर दोन वर्षांत खचून खळगे पडतात.

मग वाळू? गोल्फचे ग्रीन बांधायची एक मान्य पद्धत आहे, अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० साली प्रसिद्ध केलेली: खाली सच्छिद्र पाईप, त्यावर चार इंच खडी, त्यावर फूटभर निवडक वाळू. उत्तम चालते. पण ती एकेका ग्रीनसाठी आहे, पाच-सहा हजार चौरस फुटांसाठी. तुमच्या अख्ख्या ग्राउंडला फूटभर वाळू म्हणजे साडेसहाशे ब्रास. आजच्या दराने त्याचा गुणाकार तुम्हीच करा, आणि ती वाळू कुठल्या नदीतून येणार याचाही. बरं, पैसे वाचवायला थोडीशी वाळू काळ्या मातीत मिसळायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पाच-दहा टक्के वाळू मिसळलेली काळी माती उन्हाळ्यात भाजलेल्या विटेसारखी होते. वाळूचे कण एकमेकांना टेकतील इतकी वाळू असली तरच निचरा होतो. त्याआधी नाही.

गवताचं पटकन उरकतो. फेस्क्यू थंड हवेचं गवत, आपल्या एप्रिलमध्ये जळून जाईल. तिकडेही ते सगळीकडे जमतं असं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पियर्स काउंटीच्या मालकीचं चेंबर्स बे नावाचं मैदान जुन्या वाळू-खडीच्या खाणीत समुद्राच्या खाडीकाठी केलं, २००७ साली खुलं झालं. ग्रीन स्कॉटलंडसारखे फेस्क्यूचे केले. तिथल्या हवेत 'पोआ' नावाचं दुसरं गवत आपसूक घुसत राहिलं. २०१५ ला यूएस ओपन झाली तेव्हा ग्रीनवर दोन गवतांचे ठिपके, चेंडू उड्या मारत जायचा, खेळाडूंनी जाहीर नावं ठेवली. शेवटी त्यांनी फेस्क्यूचा हट्ट सोडला आणि सगळ्या ग्रीनना पोआच लावलं. जे गवत तुमच्या जागी बोलावल्याशिवाय येतं, त्याच्याशी भांडू नये. आपल्याकडे ते गवत म्हणजे हरळी. शेतकरी जन्मभर जी उपटतो आणि नर्सरीवाले 'बर्म्युडा' म्हणून विकतात ती हीच. तिचाच बारीक पात्याचा निवडक वाण 'सिलेक्शन वन' नावाने मिळतो, तो घ्या. कार्पेट लॉन म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा मेक्सिकन असतं. दिसायला मखमल, पण वाढ फार सावकाश. पोरांच्या बुटांनी एकदा टक्कल पडलं की भरून यायला महिने लागतात. बंगल्याच्या अंगणात छान, सार्वजनिक ग्राउंडवर नको. हरळी पुराच्या पाण्याखाली काही दिवस राहिली तरी पुन्हा फुटते. तिला फक्त ऊन हवं, त्यामुळे कडेची झाडं मैदानावर सावली धरत असतील तर त्या पट्ट्यात गवताचा आग्रह न धरता चालायची वाट करा.

आता तुमच्या ग्राउंडचं काय करायचं. माझी पद्धत सांगतो, आकडे जागा पाहून बदलतील.

उन्हाळ्यात दोन खड्डे घ्या. पहिला फूटभर खोल. त्यात पाणी भरा, जिरू द्या, माती फुगू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाला किती इंच उतरतं ते पट्टीने मोजा. पहिल्या वेळचा आकडा धरू नका, भेगांमुळे तो फसवा येतो. दुसरा खड्डा तीन-चार फुटांचा. काळी माती किती खोल आहे, खाली मुरूम लागतो का, की पाणीच लागतं, हे डोळ्यांनी बघा. आपल्याकडे नदीकाठच्या पट्ट्यात वर्षानुवर्षांच्या पाटपाण्याने जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं आणि त्याबरोबर क्षारही. मे महिन्यात जमिनीवर पांढरा पापुद्रा दिसत असेल तर मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा नमुना तपासून घ्या. चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली जमीन, निघाली तर जिप्सम लागेल. ते नुसतं टाकून उपयोग नाही, निघालेले क्षार वाहून जायला निचरा आधी हवा.

त्यानंतर उतार. मैदान डोळ्याला सपाट दिसावं पण पाण्याला दिसू नये. मध्यापासून कडेला शंभर फुटांना एक फूट एवढा उतार पुरतो. खेळणाऱ्याला जाणवतही नाही. त्यासाठी बाहेरून माल आणावा लागत नाही, आहे तीच माती मध्यावर सरकवायची. लेव्हल लावणारा माणूस मात्र चांगला हवा, दोरीने अंदाजाने केलेलं काम पहिल्या पावसात उघडं पडतं.

मग चर. चार ते सहा इंच रुंद, दीड फूट खोल, दहा-पंधरा फुटांवर एक. जितकी माती भारी तितकं अंतर कमी. तळाला जाळीच्या कापडात गुंडाळलेला सच्छिद्र पाईप, त्यावर बारीक खडी, आणि वरचे सहा इंच धुतलेली जाड वाळू, अगदी पृष्ठभागापर्यंत. इथे मजूर हमखास एक गोष्ट करतात. काम सुबक दिसावं म्हणून चरावर दोन इंच काळी माती पसरतात. तसं झालं की पाईपात थेंब जात नाही. मी त्या दिवशी जागेवर उभा राहतो. चराची वाळूची रेघ वरून दिसली पाहिजे, गवत दोन महिन्यांत ती झाकतं. उन्हाळ्यात भेगा पडल्या की चरातली वाळू खाली बसते, ती दरवर्षी मेमध्ये भरून घ्यायची. आखातात मला हे कधी करावं लागलं नाही, तिथे सगळीच वाळू. काळ्या मातीचा हा कर आहे, तो भरायचाच.

हे सगळं करून पाणी सोडणार कुठे? माझा अर्धा वेळ या एका प्रश्नात जातो. मुख्य पाईप ज्या गटारात किंवा नाल्यात सोडायचा त्याचा तळ तुमच्या पाईपाच्या तोंडापेक्षा खाली असला पाहिजे. नसेल तर चर खणून काही फायदा नाही. तेव्हा छोटा सम्प (पाणी गोळा करायची टाकी) आणि पंप करावा लागतो, आणि पंप आला की वीजबिल, वॉचमन, चोरी सगळं आलं. नाला नदीला मिळत असेल तर तोंडाशी उलटं पाणी अडवणारी झडप बसवा, नाहीतर कृष्णा चढली की तुमच्याच पाईपातून ग्राउंडवर येईल. मोठा पूर अर्थातच झडपेला विचारणार नाही. तो ओसरल्यावर गाळ ओला असतानाच फळ्यांनी ओढून काढा. वाळला की पापुद्रा होऊन हरळीचा श्वास कोंडतो. अर्धा इंचापर्यंतचा गाळ ती पोटात घेते, त्यापेक्षा जास्त ठेवू नका.

पायांचं तुम्ही लोकांनी बसून ठरवायचं आहे, त्यात मी बाहेरचा. एवढं सुचवेन की कडेने मुरमाची चालायची वाट करा, म्हणजे सकाळचे फिरणारे गवतावरून एकच पाऊलवाट पाडणार नाहीत. टेनिस बॉलवाल्यांची खेळपट्टी कायमची एका जागी ठेवू नका, दोन जागा आखून आलटून-पालटून वापरा. आठवड्यातला एक दिवस खेळ बंद, फिरायला मोकळं. आणि जून ते सप्टेंबर मांडव नाही. सार्वजनिक ग्राउंडची जेवढी वाट मंडपवाल्यांच्या पहारींनी आणि सामानाच्या टेम्पोंनी लावली आहे तेवढी पोरांच्या क्रिकेटने कधी लावली नाही. बाकी महिन्यांत मांडव द्यायचा झाला तर अनामत घ्या आणि खड्डे वाळूने भरून देण्याची अट लिहून घ्या. तोंडी नको. गणपतीचं काय करायचं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. दहा दिवसांसाठी एक कोपरा पेव्हिंगचा करून टाका, वाद संपतो.

कंत्राटदाराशी बोलताना भराव आणि लाल माती दोन्ही रद्द करून लेव्हलिंग, चर, निकासाचं तोंड आणि हरळीची लागवड अशा वेगळ्या कलमांचा दर मागा. मातीकाम एप्रिल-मेमध्ये संपलं पाहिजे, लागवड पहिल्या दोन पावसांनंतर. बिलाचा शेवटचा हिस्सा एक पूर्ण पावसाळा गेल्यावर द्यायचा, आणि दोन वर्षं वाळू भरण्याचं, कापणीचं काम त्याच करारात घालायचं. नको म्हणाला तर दुसरा बघा.

मला तीन गोष्टी कळवा: दुसऱ्या भरणीनंतर तासाला किती इंच पाणी उतरलं, तीन फुटांवर काय लागलं, आणि ग्राउंडच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यापासून गटाराचा तळ किती खाली आहे. त्यावरून चर किती अंतरावर घ्यायचे आणि पंप लागेल की नाही, ते इथेच सांगतो.